हुबेहूबचा हट्ट

मराठी मध्यमवर्गीय माणसाला चित्रातलं काय कळतं, असं विचारून त्याचा अपमान करू नये. त्याला चित्रातलं एक नक्की कळतं. ते हुबेहूब आहे की नाही! आंबा हुबेहूब आंब्यासारखा हवा, जमल्यास खऱ्या आंब्यापेक्षा थोडा पिवळा. आजोबांचं तैलचित्र हुबेहूब आजोबांसारखं हवं, चष्म्याच्या काचेवरच्या चमकीसकट. आणि योद्धा? योद्ध्याच्या मिशीचा केस न् केस मोजता आला पाहिजे. एकदा ‘अगदी हुबेहूब हो!’ म्हटलं की चित्रकलेचं खातं बंद. खाली दोन लाल रेघा.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनानं या विषयात नाक का खुपसावं? मी बी.कॉम. आहे, आणि चित्रकलेतली माझी एकूण कमाई म्हणजे एलिमेंटरी परीक्षेतली ‘सी’ श्रेणी, हे मला मान्य आहे. पण गेली वीस वर्षं मी सह्या जुळवतोय. चेकवरची सही आणि नमुना सही. या धंद्यात पहिल्या वर्षी जे कळतं ते पुष्कळ कलासमीक्षकांना जन्मात कळत नाही. जिवंत माणूस दोनदा एकसारखी सही करत नाही. कधी वेलांटी लांबते, कधी शेवटची रेघ घाईत कागदाबाहेर जाते. उलट, सही नमुन्याशी रेघेवर रेघ बसावी इतकी तंतोतंत जुळली, की जुना कारकून चष्मा पुसतो आणि चेक उजेडाकडे धरतो. कारण ती काचेवर ठेवून गिरवलेली असण्याचा संभव फार. खरी सही ओळखायची ती हाताच्या झटक्यावरून. हुबेहूब म्हणजे खरं नव्हे, हे शिकायला मला पॅरिसला जावं लागलं नाही. काउंटर नंबर चारवर पगार घेऊन शिकलो.

हे सगळं उकरून काढायला कारण झालं आमच्या सौ.चा धाकटा भाऊ. तो योकोहामाला संगणकाचं काहीतरी करतो. गेल्या खेपेला येताना तो भात शिजवायचं यंत्र आणील असा घरात अंदाज होता. त्यानं आणलं चित्र. लाकडी फळीवर कोरून कागदावर उठवलेलं, अस्सल. चित्रात चिलखत घातलेला जपानी योद्धा, म्हणजे सामुराई. पण कसा? वर एक काळा डोंगरासारखा आकार, त्यातून फुटलेली दोन वाकडी शिंगं. खाली गडद तांबड्या आणि निळ्या आडव्या पट्ट्या, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशा. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद आणि त्यावर दोन तिरके काप. मागच्या मोकळ्या जागेत फळीचे रेषे जसेच्या तसे उमटलेले. कोपऱ्यात पेन्सिलीनं चित्रकाराची सही आणि ३४/१२०, म्हणजे एकशेवीस प्रतींपैकी चौतिसावी. चेकबुकासारखा अनुक्रमांक असलेलं चित्र पाहून मला पहिल्याच भेटीत आपुलकी वाटली.

ते डोंबिवलीतल्या आमच्या साडेतीन खोल्यांत, टीव्हीच्या वर, लावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे माणसं चहाला कमी आणि निकाल द्यायला जास्त येऊ लागली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “खेकडा छान आहे हो. चिंबोरी ना?” तिसऱ्या मजल्यावरचे काका मान तिरकी करून बराच वेळ उभे राहिले. “उलटं तर नाही ना लागलं? एकदा फिरवून बघा, सरळ निघेल.” माझ्या साडूनं फक्त किंमत विचारली आणि मेहुण्यानं ती सांगितली नाही, यावरून काय ते ओळखलं. फक्त आमच्याकडे केर काढायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ह्याला पुसायचं तुमी बघा, दादा. मला भ्या वाटतं त्याचं.” इतके लोक येऊन गेले, पण योद्ध्याला योद्धा म्हणून भेटलेल्या त्या एकट्याच.

बाकीच्यांचा आक्षेप एकच. माणूस आहे तर माणसासारखा का नाही? मी म्हणतो, चिलखत घातलेला माणूस माणसासारखा दिसावा, ही अपेक्षाच मुळात चूक आहे. चिलखत कशासाठी असतं? आतलं पोट, टक्कल, वय, घाबरलेला चेहरा, हे सगळं झाकून समोर नुसता एक आकार उभा करायचा, यासाठी. जपानी योद्धे तर यात फारच पुढे गेले होते. लोखंडाच्या नाहीतर चामड्याच्या लहान लहान पट्ट्यांना लाखेसारखं रोगण द्यायचं, त्या रेशमी दोऱ्यांनी ओळीत बांधायच्या, असं त्यांचं चिलखत. म्हणजे आमच्या चित्रातल्या त्या शटरच्या पट्ट्या चित्रकारानं मनच्या काढलेल्या नाहीत, त्या चिलखतातच आहेत. शिरस्त्राणाची तर गोष्टच सोडा. दाते मासामुने नावाच्या सरदाराच्या कपाळावर भली मोठी चंद्रकोर. होंडा तादाकात्सुच्या डोक्यावर सांबरशिंगं. माएदा तोशिइए याचं शिरस्त्राण मागूर माशाच्या शेपटीसारखं. कुणाचं शंखासारखं, कुणाचे सशाचे कान. नाओए कानेत्सुगु या गृहस्थानं तर शिरस्त्राणावर ‘प्रेम’ या अर्थाचं अक्षर लावून घेतलं होतं. समोरच्याची मान उडवायला निघालेला माणूस कपाळावर ‘प्रेम’ लिहून जातो, यात हुबेहूब ते काय? चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा, आणि वर त्याला चिकटवलेल्या केसांच्या मिश्या! तेव्हा अमूर्ताचा आरोप ठेवायचाच तर तो खुद्द सामुराईवर ठेवा. आजच्या चित्रकारानं फक्त त्याचं म्हणणं लिहून घेतलं.

सामुराईबद्दल मला आणखी एका कारणानं ममत्व आहे. १६०३ नंतर जपानात तोकुगावांचं राज्य आलं आणि अडीचशे वर्षं जवळजवळ लढाईच झाली नाही. मग एवढ्या योद्ध्यांनी करायचं काय? ते कारकून झाले! कंबरेला दोन तलवारी लावून कचेरीत जायचं आणि भाताच्या कोठाराचे हिशोब लिहायचे. कागा प्रांताच्या एका हिशोबनीस सामुराई घराण्याच्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्या, त्यावर तिकडे २००३ साली पुस्तक निघालं आणि २०१० साली सिनेमा. तलवारीपेक्षा सोरोबान म्हणजे त्यांची मणीपाटी चालवणारा नायक. आमच्या शाखेत हा सिनेमा दाखवावा, अशी सूचना मी लेखी केली आहे. उत्तर यायचंय.

या चित्रांच्या छपाईचीही एक गंमत आहे. जुन्या जपानी पद्धतीत चित्र एकाचं काम नसे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा फळी कोरी, छापणारा छापी आणि प्रकाशक या तिघांच्या मानगुटीवर बसे. म्हणजे आमच्यासारखंच. व्हाउचर एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं पास करायचं. या पद्धतीनं उतागावा कुनियोशीनं १८२७ पासून एकशेआठ वीरांची मालिका काढली आणि नाव कमावलं. पुढे १९०४ साली कानाए यामामोतो या तरुणानं एका कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं आणि स्वतःच छापलं. त्यातून नव्या छापचित्रांची चळवळ उभी राहिली. स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं! हेच मी बँकेत केलं तर सकाळी निलंबन आणि दुपारी चौकशी अधिकारी. तिकडे त्याला कला म्हणतात.

या मंडळींतला शिको मुनाकाता मला सगळ्यांत आवडतो. उत्तरेकडच्या आओमोरी गावच्या लोहाराचा हा मुलगा. दृष्टी इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा. १९५६ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात छापचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक यानं आणलं. त्याच्या गावी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेबुता नावाची मिरवणूक निघते. गाड्यांवर कागदाचे अवाढव्य योद्धे, आतून दिवे लावलेले, डोळे गरागरा वटारलेले. आपल्या विसर्जनाच्या रात्रीसारखंच सगळं. त्या योद्ध्यांची शरीररचना शास्त्रोक्त आहे का, असं तिथं रस्त्यात कुणी विचारत नाही. दुसरा योशितोशी मोरी. १८९८ साली जन्मला, निम्मं आयुष्य किमोनोची कापडं रंगवण्यात घालवलं, आणि पन्नाशी उलटल्यावर वीरांची चित्रं छापू लागला. म्हणजे मला अजून अवकाश आहे. जुन्या युद्धकथांतले त्याचे योद्धे पाहावेत. नुसते काळे, जाड, एकमेकांत घुसलेले आकार, पण दोन हात लांब उभं राहावं असा दरारा. खरं तर तो लाकूड कोरत नसे, कागदाचे साचे कापून त्यांतून रंग देई. दुकानदार सगळं एकाच गठ्ठ्यात विकतात ती गोष्ट वेगळी.

हा वाद मी गाडीतही काढला. आमच्या ग्रुपमध्ये कल्याणहून बसून येणारे आहेत, डोंबिवलीला लोंबकळणारे आहेत आणि ठाण्याला उतरणारे आहेत. कल्याणकराकडे इतिहास असतो, डोंबिवलीकराकडे संस्कृती आणि ठाणेकराकडे तलाव. कल्याणकर म्हणाले, “अहो, आमच्या दुर्गाडीला महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली. योद्धा कसा दिसतो ते आम्हांला जपान्यांनी शिकवायचं?” मी म्हटलं, “दुर्गाडीवर आज काय उरलंय? एखाददुसरा बुरूज, थोडी तटबंदी. तरी खाडीपुलावरून जाताना तुम्ही हात जोडता. किल्ला हुबेहूब नाही म्हणून कधी तक्रार केलीत?” ते गप्प बसले. पण मुंब्रा यायच्या आत त्यांनी मोबाइल काढून मला आपला आवडता योद्धा दाखवला.

तो योद्धा तुमच्याही परिचयाचा आहे. चौकातल्या फ्लेक्सवर, रिक्षाच्या पाठीवर, टी-शर्टवर तो असतो. मागे वीज चमकते, बाजूला सिंह डरकाळी फोडतो. मिशीचा केस न् केस दिसतो. दंड व्यायामशाळेच्या जाहिरातीतले, आणि चिलखत घातलं तरी त्यातून पोटाचे सहा चौकोन स्पष्ट! आता चिलखतातून पोट दिसायला लागलं तर ते चिलखत कसलं? तो तर रेनकोट. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराज अफझलखानाला भेटायला गेले ते अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून. बाहेरून काही दिसू नये, हीच तर सगळी मसलत होती. न दिसण्यात ज्याचं शौर्य आणि शहाणपण, त्याला आम्ही सगळं दाखवणाऱ्या चित्रात कोंबतो आणि वर म्हणतो, हुबेहूब!

हुबेहूबची महाराष्ट्राच्या इतिहासातली एक हकीगत तर प्रत्येक हट्टी माणसानं पाठ करावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून जे चित्र सर्रास छापलं जात होतं, ते महाराजांचं नव्हतंच, दुसऱ्याच एका सरदाराचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच ग्रंथातलं खरं चित्र पुढे आणलं तेव्हा उलगडा झाला. तोवर लोक त्या सरदाराच्या तसबिरीला हार घालून म्हणत असणार, काय हुबेहूब काढलंय! आणि महाराजांच्या काळातली म्हणून जी चित्रं आज मानतात, ती पाहा. बाजूनं दिसणारा शांत चेहरा, सरळ नाक, टोकदार दाढी. दंडाचे गोळे नाहीत, वीज नाही, सिंह नाही. चार रेघांत माणूस उभा.

हा हट्ट आमच्यात आला कुठून? तो काही ज्ञानेश्वरांच्या काळापासूनचा नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली आणि विलायती पद्धतीनं छायाप्रकाश शिकवू लागली. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देव, देवी नि वीर गोंडस अंगकांतीसह घरोघर पोचले. रविवर्म्याशी माझं भांडण नाही, आमच्या देवघरातली लक्ष्मी त्यांचीच आहे. भांडण आहे ते या शे-सव्वाशे वर्षांच्या सवयीला सनातन धर्म समजणाऱ्यांशी.

कारण त्याआधी आपण काय करत होतो ते कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन पाहा. तिथले ठाकर लोक चित्रकथी. मांडीवर चित्रांची पोथी, हातात वीणा, आणि एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत गायचं. त्या चित्रांतले योद्धे पाहिले की आमचा जपानी पाहुणा त्यांचा चुलतभाऊ वाटतो. सपाट रंग, ठसठशीत काळी रेघ, वाटीएवढा डोळा, आणि बाण असे सुटलेले की चित्राचा कागद पुरत नाही. सावली नाही, स्नायू नाहीत. अशी जुनी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं पडली. मी विचारलं, यांतलं एखादं चित्र कुणाच्या भिंतीवर आहे का? ग्रुपवर शांतता पसरली. मग कुणीतरी ‘शुभ सकाळ’ टाकलं. जपान्यांनी आपल्या जुन्या वीरचित्रांतून नव्या चित्रांकडे जाणारा रस्ता चालू ठेवला. आम्ही आमचा खणून काढला आणि वर फ्लेक्स लावला, ‘काम चालू आहे’.

आणि हे नुसतं गाडीतलं भांडण उरलेलं नाही. आमच्या सोसायटीचं प्रवेशद्वार नवं झालं आणि समोरच्या कोऱ्या भिंतीचं काय करायचं, हा प्रश्न वार्षिक सभेत आला. कमिटीचा ठराव असा, की भिंतभर डिजिटल छपाईचा योद्धा लावावा, सिंह आणि विजेसह, आठ फूट बाय बारा. दर चौरस फुटाप्रमाणे. त्याच सभेत, त्याच कागदावर, पुढच्या कलमात दुसरा ठराव. मुलांनी दिवाळीत आवारात मातीचा किल्ला करू नये, नव्या लाद्यांवर चिखलाचे डाग पडतात. हवा असल्यास फायबरचा तयार किल्ला विकत आणून ठेवावा, “तो दिसायलाही अगदी रायगडासारखा हुबेहूब असतो.” योद्धे भिंतीवर चढणार आणि किल्ला अंगणातून जाणार! बँकेत याला एकाच दिवशी दोन चुकीच्या नोंदी म्हणतात.

मी उठलो आणि बोललो. पोरं दगड रचतात, चिखल थापतात, अळीव पेरतात, आणि मग कुंभारवाड्यातून नाहीतर फडके रोडच्या पदपथावरून मावळे येतात. ते मावळे तुम्ही कधी नीट पाहिलेत? दोन ठिपक्यांचे डोळे, मिशीची एक काळी रेघ, तांबड्या रंगाचा एक फटकारा म्हणजे पगडी. हाताला बोटं नाहीत. भालदार दरवाजापेक्षा उंच, तोफ घोड्यापेक्षा लहान, आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. एकाही पोरानं आजवर विचारलेलं नाही की हे प्रमाणात का नाही. गेली कित्येक वर्षं तुम्ही सगळे अमूर्त योद्धे घरात आणताय आणि माझ्या भिंतीवरच्याला चिंबोरी म्हणताय! जपानात ५ मेच्या मुलांच्या सणाला घरोघर छोटं चिलखत मांडतात. नुसतं चिलखत, आत माणूस नाही. आणि पोरं वर्तमानपत्राच्या घडीचं शिरस्त्राण डोक्यावर घालून हिंडतात. तिथल्या एखाद्या सोसायटीनं त्याला बंदी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सभा दोन मिनिटं शांत होती. मग चेअरमन म्हणाले, “मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण लाद्यांची वॉरंटी पाच वर्षांची आहे.” तिसऱ्या मजल्यावरचे काका माझ्या बाजूनं उठले. त्यांच्या नातवानं गेल्या वर्षी केलेल्या किल्ल्याला आमच्या गल्लीत पहिलं बक्षीस होतं. काकांनी मुद्दा कलेचा नव्हे, नळाचा केला. चिखल धुवायला पाणी लागतं किती, तर दोन बादल्या, आणि त्या आपण स्वतः घालू. किल्ल्याचा ठराव तेवढ्यावर पुढे ढकलला गेला. भिंतीच्या ठरावावर सेक्रेटरी म्हणाले, नियमाप्रमाणे तीन कोटेशन्स लागतात आणि आलीत दोन.

तिसरं मी दिलंय. एक पाट, त्यावर खिळ्यांनी बसवलेले पंचवीस मातीचे मावळे, कल्याणहून आणायचा खर्च धरून एकूण आठशे चाळीस रुपये, कर नाही. सेक्रेटरींनी पोच दिली आणि विचारलं, “यांत महाराज कुठले?”

“मधले,” म्हटलं. “सगळ्यांत मोठे.”

ते कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, “हां. ओळखू येतात.”